वामेच्या आतड्यातला पट्टकृमी ‘नवी जात’ आहे असं कधी म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतली एम.एस्सी. प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी प्रोजेक्टसाठी गोड्या पाण्यातल्या माशांचे परजीवी बघते आहे. वाशीच्या मासळी बाजारातून आणलेल्या तीन वामांपैकी एकीच्या आतड्यात तिला सहा पट्टकृमी मिळाले. तिने ते दोन काचपट्ट्यांमध्ये दाबले, वरून दोरा बांधला, फॉर्मॅलिनमध्ये ठेवले आणि मग रंगवून मोजले. डोक्यावर हुकांचं कडं आहे, म्हणून प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) सेंगा असावी असं तिला वाटतं. पण हुकांची संख्या, वृषणांची संख्या आणि अंडाशयाचा आकार एकत्र धरले तर तिच्याकडच्या कुठल्याच वर्णनाशी जुळत नाहीत. मार्गदर्शक म्हणतात, नवी जात आहे, पेपर लिही. तिचा प्रश्न: ती नवी आहे हे ठरवायचं कसं?

मी ठाण्यात राहते. माशांच्या पट्टकृमींवर काम करायला लागून आता तीस वर्षं होत आली. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

आत्ता तुझ्याकडे जे आहे त्यावरून नवी जात म्हणता येणार नाही. जुनीच आहे असंही म्हणता येणार नाही. दाबून मारलेल्या सहा कृमींवरून या दोन्हींपैकी काहीच ठरत नाही. हे ऐकून तू हिरमुसशील, पण पूर्ण वाच. तुझ्या हाताला लागलेली गोष्ट खरोखर मोलाची असू शकते, आणि ती वाया जाऊ नये म्हणूनच एवढं लांब लिहिते आहे.

आधी सेंगाची गोष्ट सांगते, कारण ती माहीत नसली तर पुढचं सगळं नुसता काटेकोरपणा वाटेल. ही प्रजाती डॉल्फस यांनी १९३४ मध्ये स्थापन केली, तीही फ्रान्समध्ये, व्हिन्सेन इथल्या मत्स्यालयातल्या एका फायटर माशातून. त्यानंतर आपल्याकडे मरळ आणि वाम या माशांमधून सेंगाच्या डझनावारी जाती वर्णन झाल्या. महाराष्ट्राचा त्यात मोठा वाटा आहे. १९६८ मध्ये मरळीच्या गोतातल्या माशावरून सर्कमऑन्कोबॉथ्रियम अशी एक स्वतंत्र प्रजातीही केली गेली. तिला आता सेंगातच धरतात. कोणाच्या वर्णनात हुकांची संख्या चार-सहाने जास्त, कोणाच्या वर्णनात अंडाशयाला टोकं, कोणाचा जिल्हा वेगळा. नाव मात्र दरवेळी नवीन.

याचं पुढे काय होतं ते आपल्या मांगुरात दिसलं. मांगुरातल्या कॅरिओफिलिडिया गटातल्या, म्हणजे अंगावर खंड नसलेल्या पट्टकृमींचा आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲश, शोल्झ आणि सहकाऱ्यांनी जुने टाइप नमुने, म्हणजे ज्यांच्यावरून मूळ नावं दिली ते नमुने, पाहिले, भारतातून नवे गोळा केले (त्यात महाराष्ट्रातलेही होते), इंडोनेशिया आणि थायलंडमधलेही घेतले. तोपर्यंत या एका माशातून ५९ जातींची नावं दिली गेली होती. त्यातल्या टिकल्या ८. पुढच्याच वर्षी गँगेसिया या शिवडा आणि शिंगाळा माशांतल्या कृमींची पाळी आली. दक्षिण आणि आग्नेय आशियातून नोंदलेल्या ४८ जातींपैकी ४ टिकल्या. त्या कामात नांदेडचे एक संशोधकही सहलेखक होते, म्हणजे हे कोणी बाहेरून येऊन आपल्याला शिकवलं असं नाही.

५९ चे ८ कसे झाले? त्या लोकांनी खोटं लिहिलं होतं का? नाही. बहुतेकांनी जे दिसलं तेच प्रामाणिकपणे काढलं आणि मोजलं. घोळ मोजण्याच्या आधी झालेला असतो, कृमी मारायच्या पहिल्या दहा मिनिटांत. माझ्याच हातून झालेला सांगते.

संशोधन सुरू केलं तेव्हा मी बदलापूरच्या बाजूला उल्हास नदीवर जाऊन मरळ आणायचे. एका हंगामात मला दोन प्रकारचे कृमी मिळायला लागले. एकात अंडाशय रुंद, आडवा पसरलेला, कडेला बोटांसारखी टोकं. दुसऱ्यात आखूड, गुबगुबीत, जवळजवळ गोल. खंडाची लांबी-रुंदीही उलटसुलट: एकात खंड रुंद आणि बुटके, दुसऱ्यात चौकोनी. मी सगळ्या आकृत्या कॅमेरा ल्युसिडावर, म्हणजे मायक्रोस्कोपमधलं दृश्य कागदावर गिरवायच्या साधनावर, काढल्या, मोजमापांचे तक्ते केले. नावही ठरवलं होतं, मला हा विषय शिकवणाऱ्या बाईंच्या नावावरून. मसुदा टाइप होऊन तयार होता. मग एका संध्याकाळी शेवटची एक स्लाइड तपासत असताना एक लांब कृमी दिसला. मारताना त्याचा पुढचा अर्धा भाग आकसला होता आणि मागचा अर्धा सैल राहिला होता. पुढच्या अर्ध्यात माझी ‘पहिली जात’ होती आणि मागच्या अर्ध्यात ‘दुसरी’. एकाच कृमीत, एकाच स्लाइडवर. मी ती स्लाइड कितीतरी वेळा पुढे-मागे सरकवून पाहिली. तो मसुदा कुठेही गेला नाही. ती स्लाइड माझ्याकडे अजून आहे, आणि नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी त्याला तीच दाखवते.

तू जे काचपट्ट्या आणि दोरा केलंस ना, तेच याचं मूळ आहे. आपल्याकडच्या जुन्या प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये ते आहे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. दाबल्याने कृमी सपाट आणि पारदर्शक दिसतो, ड्रॉइंगला सोपा जातो. पण वृषणं एकावर एक सरकतात, अंडाशयाचे पाळे फाकतात, अंडी असलेलं गर्भाशय बाजूला ढकललं जातं, स्कोलेक्सच्या, म्हणजे डोक्याच्या, दोन्ही बाजूंच्या खाचा, म्हणजे बॉथ्रिया, उघड्या पडतात किंवा मिटतात. कड्यातले हूक गळतातही. सेंगात हुकांचं कडं सलग नसतं, दोन अर्धवर्तुळांत असतं, आणि मोठे-लहान हूक मिसळलेले असतात. त्यातले दोन-चार गळाले की संख्येची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. आधीच मेलेला, बर्फात ठेवलेल्या माशातला कृमी असेल तर आणखी वाईट. मासा मेल्यावर काही तासांतच कृमीची बाहेरची त्वचा सुटायला लागते, आतले अवयव पाण्याने फुगतात आणि हूक पडायला लागतात.

म्हणून पहिली गोष्ट: जिवंत मासा, निदान तासाभरापूर्वीपर्यंत जिवंत असलेला. दुसरी: कृमी गरम द्रवात मारायचा. हे कसं करतात ते जवळून सांगते, कारण पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं.

आतडं पेट्री डिशमध्ये सलाइनमध्ये लांबीला उघड. सलाइन ०.८५ टक्क्यांच्या आसपासचं चालेल, साधं पाणी नको, कारण पाण्यात कृमी फुगतो. स्कोलेक्स आतड्याच्या अस्तराला धरून असतो, त्याला चिमट्याने ओढू नकोस. ओढलास तर शरीर हातात येईल आणि डोकं तिथेच राहील, आणि डोक्याशिवाय सेंगाची ओळख होत नाही. मऊ ब्रशने कडेकडेने सोडव. सुटला की दुसऱ्या सलाइनमध्ये दोन-तीन वेळा हलवून धू, म्हणजे माशाचा श्लेष्म निघेल. मग डिशमध्ये अगदी थोडं सलाइन ठेव आणि कृमी सैल पडून लांब होण्याची वाट बघ. एका बाजूला फॉर्मॅलिन उकळीच्या जवळ आणलेलं असू दे. फ्यूम हूड नसेल तर खिडकीशी, पंखा लावून, चष्मा आणि हातमोजे घालून. याची वाफ डोळ्यांना आणि घशाला वाईट. कृमी लांब झाला की ते गरम फॉर्मॅलिन एका झटक्यात त्याच्यावर ओत. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तो सरळ होतो, दोरीसारखा. आकसायला त्याला वेळच मिळत नाही. हे पहिल्यांदा बघशील तेव्हा तुझे ते सहा कृमी किती चुरगळलेले होते ते तुला आपोआप कळेल.

इथे एक छोटा पण महत्त्वाचा घोळ. शोधनिबंधांत ‘४ टक्के’ लिहिलेलं असतं ते फॉर्मल्डिहाइड. बाटलीतल्या फॉर्मॅलिनचं १० टक्के द्रावण केलं की साधारण ४ टक्के फॉर्मल्डिहाइड होतं. बाटलीतलंच ४ टक्के घेतलंस तर द्रावण फार पातळ होईल आणि कृमी आतून नीट टिकणार नाही.

फॉर्मॅलिन ओतण्याआधी प्रत्येक कृमीचा मधला एक छोटा तुकडा कापून ९६ टक्क्यांच्या वरच्या शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेव. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या ऊतीतून नंतर डीएनए वाचणं फार अवघड जातं. डोकं आणि शेवटचा भाग फॉर्मॅलिनमध्ये, मधला तुकडा अल्कोहोलमध्ये, आणि दोन्ही बाटल्यांवर एकच क्रमांक. म्हणजे ज्या कृमीचा डीएनए वाचला त्याच कृमीचं डोकं स्लाइडवर बघता येतं. हा दुवा तुटला की डीएनए कुणाचा आणि चित्र कुणाचं याला उत्तर राहत नाही. लेबल पेन्सिलने, आतल्या कागदावर. अल्कोहोलमध्ये बॉलपेन पुसलं जातं. हे मी एकदा रडत शिकले आहे.

आता माशाबद्दल. तू ‘वाम’ लिहिलंस. वाशीच्या, ठाण्याच्या बाजारात वाम म्हणून समुद्रातली वामही विकतात आणि नदीतलीही, आणि त्यांचा एकमेकींशी जवळचा संबंध नाही. समुद्रातली म्हणजे मुरेनिसॉक्स, मोठे दात आणि लांब जबडा. नदीतली म्हणजे मॅस्टासेम्बेलस, आणि तिची खूण पाठीवर बोट फिरवून बघता येते: पाठीच्या पराच्या पुढे सुट्या काट्यांची रांग लागते, आणि नाकाचं टोक मांसल, सोंडेसारखं पुढे आलेलं असतं. तुझ्या तिन्ही वामांचे फोटो आहेत का? नसतील तर इथून पुढे चिरण्याआधी प्रत्येक माशाचा फोटो, कडेने, मोजपट्टी ठेवून. परजीवीचं नाव चुकलं तर पुढे कोणी दुरुस्त करेल. यजमान माशाचंच नाव चुकलं तर ते दुरुस्त करायला काही हातात राहत नाही. मांगुराचं उदाहरण बघ. आपण वर्षानुवर्षं आपल्या मांगुराला क्लेरियस बॅट्रॅकस म्हणत आलो. २००८ मध्ये ते नाव जावातल्या माशापुरतं मर्यादित झालं आणि आपला देशी मांगूर क्लेरियस मागूर झाला. आणि बाजारात ‘मांगूर’ म्हणून जो धिप्पाड मासा मिळतो तो अनेकदा आफ्रिकी क्लेरियस गॅरीपायनस असतो, ज्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे. जुन्या निबंधात नुसतं ‘मांगुरातून’ लिहिलेलं असलं की आज ते तीन वेगवेगळ्या माशांबद्दल असू शकतं.

बाजाराची दुसरी अडचण म्हणजे ठिकाण. नव्या जातीला टाइप लोकॅलिटी लागते: कृमी कुठल्या पाण्यातून आला ते ठिकाण. वाशीच्या बाजारातली कटला-रोहू आंध्रातूनही येते. वाम कुठून आली, हे विकणाऱ्या मावशींना नेहमीच सांगता येत नाही, आणि त्यांनी अंदाजाने सांगितलेलं गाव तू निबंधात लिहू शकत नाहीस. ‘वाशी बाजार’ ही टाइप लोकॅलिटी होऊ शकत नाही.

आपण ठाणे जिल्ह्यात आहोत, हे आपलं भाग्य आहे. शहापूर, मुरबाड, बदलापूर या पट्ट्यात अजून भातसा, काळू, बारवी, उल्हास यांच्या पाण्यावर मासे धरणारी कातकरी आणि ठाकर माणसं आहेत. त्यांना माशांची जी नावं आणि जागा माहीत आहेत त्या कुठल्या पुस्तकात नाहीत. जूनमध्ये पहिल्या पावसात वलगण लागते, मासे नदीतून ओढ्यात आणि भातखाचरात चढतात. तेव्हा एका सकाळी जितक्या जाती बघायला मिळतील तितक्या वर्षभरात मिळणार नाहीत. पण वलगणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. आपल्या कामासाठी म्हणून त्यातला एकही मासा वेगळा मारू नकोस. जे लोक खायला नेणारच आहेत त्यांच्याकडे जा, जागेवरच मासा साफ करून द्यायचं काम तू कर आणि फक्त आतडं माग. मी असंच केलं. मुरबाडच्या एका पाड्यावर एका आजींनी विचारलं होतं, ‘बाय, हे पोटातलं घाण कशाला नेतेस, मासा वंगाळ हाय का?’ मी सांगितलं, मासा चांगला आहे, हा कृमी माशाच्या आतड्यातच राहतो, आतडं काढून शिजवलेला मासा खायला काही हरकत नाही. पुढच्या वेळी गेले तर त्यांनी आतडी वेगळ्या डब्यात, झाकून ठेवलेली होती. ती मेलेली होती, कामाची नव्हती, पण मी ती घेतली. त्यानंतर तिथे माझ्यासाठी जिवंत मासे बादलीत ठेवायला लागले.

किती कृमी लागतील हे तू विचारलं नाहीस, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. एका वामेतले सहा कृमी म्हणजे सहा नमुने नाहीत, ते एका माशातले एकाच वेळचे सहा आहेत. कदाचित कोपेपॉडच्या, म्हणजे ज्यांच्यातून कृमी माशात जातो त्या पाण्यातल्या बारीक जीवांच्या, एकाच घोळक्यातून आलेले. वेगवेगळ्या माशांतून, शक्य असेल तर दोन हंगामांतून, पूर्ण वाढलेले निदान दहा-पंधरा कृमी हातात असू देत. लहान कृमीत हुकांचा आकार आणि वृषणांची संख्या वेगळी असू शकते. आणि ‘वृषणं ८५’ असा एकच आकडा कधीही लिहू नकोस. किती खंड मोजले, किती कृमींमध्ये, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि सरासरी किती, हे लिही. जुन्या पन्नास नावांमधली कितीतरी नावं या एका ओळीने कधी जन्मालाच आली नसती.

रंगवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुला येतं. हायड्रोक्लोरिक कार्माइन किंवा बोरॅक्स कार्माइन, मग आम्लयुक्त अल्कोहोलने रंग हळूहळू उतरवायचा, घाई नाही, दर पाच मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली बघत. पारदर्शक करायला झायलीनऐवजी लवंगेचं तेल वापर. चुकलं तर परत मागे जाता येतं. कॅनडा बाल्सममध्ये बसवल्यावर स्लाइड आडवीच ठेव, वाळायला आठवडे लागतात.

पण नुसत्या पूर्ण स्लाइडवर थांबू नकोस. आडवे छेद घे, पॅराफिनमध्ये, १० ते १५ मायक्रॉनचे. सेंगात गर्भाशय पोटाच्या बाजूला उघडतं आणि जननछिद्र पाठीच्या बाजूला असतं, कोण कुठे आहे हे छेदातच स्पष्ट दिसतं. पुढे कधी मांगुरातल्या बिनखंडाच्या कृमींवर काम केलंस तर छेदाशिवाय कुळसुद्धा ठरणार नाही: पीतक ग्रंथी (अंड्याचा बलक बनवणाऱ्या) आतल्या लांब स्नायूंच्या बाहेर असतील तर लायटोसेस्टिडी, आत असतील तर कॅरिओफिलिडी. मोघे यांनी १९२५ मध्ये वर्णन केलेला मांगुरातला इंडिकस हा कृमी कॅरिओफिलियस म्हणून आला होता, आज तो लायटोसेस्टस आहे. त्यामुळे मायक्रोटोमला, म्हणजे छेद कापायच्या यंत्राला, लागणारे दोन दिवस वाचवण्यात काही अर्थ नाही.

स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप कॉलेजात नसतो, त्याची काळजी करू नकोस. पवईच्या आयआयटीत ‘सैफ’ ही सुविधा बाहेरच्या संस्थांचे नमुनेही घेते. तिथे दोन-तीन डोकी दाखवून आण. हुकांची मांडणी, वरच्या तबकडीचा आकार आणि त्वचेवरचे मायक्रोट्रिक्स (केसांसारखे सूक्ष्म उंचवटे), हे तिथेच खात्रीने कळतं, आणि साध्या मायक्रोस्कोपखाली मोजलेली हुकांची संख्या तिथे तपासून घेता येते.

डीएनएबद्दल तुमच्या पिढीला फार विश्वास आहे आणि तो बराचसा योग्य आहे. २८एस आणि सीओआय हे डीएनएचे दोन भाग वाचून घेतलेस तर पुरेसं. पण डेटाबेसमध्ये ज्याच्याशी जुळलं त्याचं नाव म्हणजे सत्य, असं समजू नकोस. तिथेही लोकांनी चुकीच्या नावाने टाकलेले अनुक्रम आहेत, आणि त्यांच्या मागे स्लाइड कुठे ठेवली आहे हे अनेकदा लिहिलेलंच नसतं. आणि अमुक टक्के फरक म्हणजे नवी जात, अशी कुठली ठाम रेषा नाही. शरीर आणि डीएनए दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तेव्हा पुढे जायचं. वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतील तर थांबायचं आणि आणखी कृमी गोळा करायचे.

आता तुलना. तू जाती ओळखायची किल्ली आणि वर्णनं बघितलीस. तेवढ्याने भागत नाही, कारण वर्णनं दाबलेल्या कृमींची आहेत. मूळ टाइप नमुने मागव. भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झेडएसआय, कोलकाता इथे काही आहेत. पुण्याला आकुर्डीत त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथून चौकशी सुरू करणं ठाण्या-नवी मुंबईकरांना सोपं पडतं. जुन्या अनेक जातींचे टाइप सापडणार नाहीत. विभागाच्या कपाटात राहिले, निवृत्तीनंतर कुठे गेले कळलं नाही, असं वारंवार होतं. मग एकच उपाय: त्या जातीचं वर्णन ज्या गावाच्या पाण्यातून झालं तिथे जाऊन, त्याच माशातून, नीट मारलेला नवा कृमी मिळवायचा आणि त्याच्याशी तुझा लावून बघायचा. कष्टाचं आहे, पण तुला औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) किंवा नांदेडची एक फेरी परवडेल, आणि त्यासाठी तिथल्या विभागांतले लोक मदत करतात असा माझा अनुभव आहे.

या सगळ्यातून जाऊनही तुझा कृमी वेगळाच राहिला, तर मग ती नवी जात, आणि तेव्हा ती मनापासून लिही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची सध्याची आवृत्ती २००० पासून लागू आहे. त्यानुसार ‘नवी जात’ असं स्पष्ट लिहावं लागतं, इतरांपासून ती कशाने वेगळी ते शब्दांत सांगावं लागतं, एक होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार ठरणारा एकच नमुना, ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते नमूद करावं लागतं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असशील तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदही हवी, नाहीतर ते नाव नियमाने अस्तित्वातच येत नाही. आपल्या जैवविविधता कायदा, २००२ मधलं कलम ३९ तर सरळ सांगतं की नवी जात सापडली की त्याची माहिती नेमलेल्या संग्रहाला कळवायची आणि नमुना तिथे जमा करायचा. प्राण्यांसाठी तो संग्रह म्हणजे झेडएसआय. नमुना परदेशी तज्ज्ञाला पाठवायचा असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाच. होलोटाइप घरी किंवा विभागाच्या कपाटात ठेवू नकोस, कितीही जीव जडला तरी. तीस वर्षांनी कोणीतरी मुलगी तो शोधत येणार आहे.

नाव देताना: ठिकाणावरून असेल तर शेवटी ‘एन्सिस’, पुरुषाच्या नावावरून ‘आय’, स्त्रीच्या नावावरून ‘ए’. स्वतःचं नाव देऊ नये अशी रीत आहे.

आणि नवी नाही असं निघालं तर? तर तुझ्याकडे जुन्या जातीचं पहिलं नीट वर्णन आहे, नीट मारलेल्या कृमींवरून केलेलं, डीएनएसकट, माहीत असलेल्या नदीतलं. माझ्या मते आज आपल्याला नव्या नावापेक्षा याची जास्त गरज आहे. तुझ्या मार्गदर्शकांना हे सांगायला अवघड वाटत असेल, कारण प्रगती अहवालात ‘नवी जात’ जड दिसते. त्यांना वरचे दोन आकडे दाखव, ५९ पैकी ८ आणि ४८ पैकी ४, आणि म्हण की आपला निबंध पुढच्या आढाव्यात टिकावा असं मला वाटतं. ते ऐकतील. न ऐकल्यास घाईत पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकाकडे मात्र जाऊ नकोस. तिथे छापलेलं नाव नियमाप्रमाणे वैध ठरू शकतं, आणि मग तुझ्या चुकीची साफसफाई पुढच्या सगळ्यांना करत बसावी लागते.

तुझ्या त्या सहा कृमींना फेकू नकोस. त्यांच्या स्लाइडवर ‘दाबून स्थिर केलेले, वाशी बाजार, मूळ ठिकाण अज्ञात’ असं लिही आणि ठेव. एक स्लाइड काढ, ज्यात स्कोलेक्स पूर्ण आहे अशी, आणि ज्या वामेतून आले तिचा पाठीच्या बाजूचा फोटो असेल तर दोन्ही मला पाठव. पाठीवर सुटे काटे दिसले तर जूनच्या आधी आपण शहापूरला एक फेरी मारू. मरळ आणि वाम जिवंत मिळतील असे दोन बंधारे मला माहीत आहेत. थर्मास, सलाइन आणि अल्कोहोल मी आणते. तू पेन्सिल आण आणि जाड कागदाची लेबलं आधीच कापून ठेव.